खर्ड्याचा विजय आणि सत्तेची वाटणी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव शालेय इतिहासाच्या पुस्तकात दोन-चार ओळींपुरते येते. ११ मार्च १७९५ रोजी येथे मराठ्यांनी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला, निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला आणि त्याला नमते घेऊन तह करावा लागला, एवढे विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु या लढाईचे खरे महत्त्व रणांगणावरील विजयात नाही. पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरचे भोसले, बडोद्याचे गायकवाड आणि दक्षिणेतील पटवर्धन यांच्या फौजा एका निशाणाखाली उभ्या राहिल्या, असा हा शेवटचा प्रसंग होय. त्यानंतर सात-आठ वर्षांतच मराठा सरदार एकमेकांच्या मुलखावर तुटून पडले, १८०२ च्या अखेरीस पेशव्याने वसईस इंग्रजांशी तह करून त्यांची तैनाती फौज पत्करली आणि १८१८ साली सारा डाव आटोपला.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला तेरा लहान राज्ये नेमक्या याच प्रश्नाशी झगडत होती. इंग्लंडच्या राजाशी लढताना ती एक झाली होती. लढाई संपताच त्यांच्यातील कुरबुरी वाढल्या. अनेकांनी मिळून एक राज्य चालवायचे, तर कोणाच्या हाती किती सत्ता असावी, हा तो प्रश्न. अमेरिकेने त्याचे उत्तर १७८७ साली लिहून काढले आणि ती राज्यघटना, सत्तावीस दुरुस्त्यांसह, आजही चालू आहे. मराठेशाहीने हे उत्तर लिहिलेच नाही.

मराठेशाहीच्या ऱ्हासाची कारणे सांगताना आपल्याकडे दुही, फितुरी, दुसऱ्या बाजीरावाचा नाकर्तेपणा आणि दौलतराव शिंद्यांचा अविचार यांची यादी दिली जाते. या यादीत तथ्य नाही असे नाही. परंतु दुही आणि अविचार फिलाडेल्फियातही कमी नव्हते. तेथील पुढारीही एकमेकांचा द्वेष करीत, आपापल्या राज्याचा स्वार्थ पाहत. फरक माणसांच्या गुणावगुणांत नव्हता, सत्तेच्या वाटणीत होता. सत्ता वाटली जाणे पुरेसे नसते. ती कोणत्या मर्यादेत वाटली आहे, प्रत्येक वाटेकऱ्याची तिजोरी कोणती आणि तंटा झाल्यास पंच कोण, या तीन गोष्टी ठरलेल्या नसतील, तर वाटणी म्हणजे केवळ पुढच्या भांडणाची तयारी होय.

वसुली कोणाच्या हाती?

खर्ड्याची लढाई मुळात थकबाकीची लढाई होती. निजामाकडे चौथाई व सरदेशमुखीची वर्षानुवर्षांची बाकी साचली होती आणि तिचा हिशेब मिटत नव्हता. या हक्कांचा उगम १७१९ सालच्या सनदांत आहे. बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून आणलेल्या त्या सनदांनी शाहू महाराजांना दक्षिणेच्या सहा सुभ्यांतून चौथाई व सरदेशमुखी वसूल करण्याचा अधिकार मिळाला. या उत्पन्नाची जी विभागणी झाली, तीच मराठेशाहीची खरी, पण न लिहिलेली राज्यघटना म्हटली पाहिजे.

चौथाईचे शंभर रुपये जमले असे धरले, तर पंचवीस रुपये ‘बाबती’ म्हणून छत्रपतींचे, सहा रुपये ‘सहोत्रा’ म्हणून पंतसचिवांचे, तीन रुपये ‘नाडगौडा’ म्हणून छत्रपतींनी मर्जीनुसार द्यावयाचे आणि उरलेले सहासष्ट रुपये ‘मोकासा’ म्हणून फौज बाळगणाऱ्या सरदाराचे. योजना हुशारीची होती. हाताशी पैसा नसलेल्या राजाला तिने फौज मिळवून दिली आणि प्रत्येक सरदाराला नवा मुलूख जिंकण्यात रस उत्पन्न केला. मराठ्यांची घोडी अटकेपर्यंत गेली, त्यामागे या हिशेबाचे बळ होते.

परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने या योजनेत एक घातक उणीव होती. वसूल करणारा हात सरदाराचा होता आणि मध्यवर्ती सत्तेचा वाटा त्या हातातून पुढे यावयाचा होता. हा हात जोवर नम्र होता, तोवर पुण्याची तिजोरी भरत होती. तो बळकट झाला, स्वतःची कवायती पलटणे बाळगू लागला, की पुण्याच्या हाती फक्त मागणीचे पत्र उरले. शिवाजी महाराजांनी जहागिरी देण्याऐवजी रोख वेतनावर भर का दिला होता, याचे उत्तर येथे सापडते. ज्याचे पोट तिजोरीवर अवलंबून, तो राज्याचा नोकर राहतो. तिजोरीच ज्याच्यावर अवलंबून, तो राज्याचा मालक बनतो.

अमेरिकेतील तेरा राज्यांनी १७८१ साली अमलात आणलेला पहिला करारनामा अगदी असाच होता. त्या करारानुसार मध्यवर्ती काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. सैन्याचा खर्च, युद्धकर्जाचे व्याज, परराष्ट्रातील वकिलांचे पगार यांसाठी तिने राज्यांकडे रकमा मागावयाच्या आणि राज्यांनी द्यावयाच्या. प्रत्यक्षात मागितलेल्या रकमांचा अल्पसा भागच हाती येई. करारात दुरुस्ती करावयाची तर तेराही राज्यांची संमती हवी असे. म्हणजे एका राज्याचा नकार सर्वांना अडवू शके. १७८६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये कर्ज व करांनी गांजलेल्या शेतकऱ्यांनी बंड केले, तेव्हा ते मोडण्यासाठी पाठवावयास मध्यवर्ती सत्तेकडे ना धड सैन्य होते ना पैसा. पुण्याचे दुखणे आणि फिलाडेल्फियाचे दुखणे एकच होते.

लिहिलेली मर्यादा

मे ते सप्टेंबर १७८७ या चार महिन्यांत फिलाडेल्फिया येथे जमलेल्या पंचावन्न प्रतिनिधींनी या दुखण्यावर जो उपाय योजला, त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग मध्यवर्ती सरकार आणि राज्ये यांच्यातील वाटणीचा. मध्यवर्ती सरकारला कोणते अधिकार आहेत, त्यांची यादीच घटनेत दिली: कर बसविणे, कर्ज काढणे, नाणे पाडणे, राज्याराज्यांतील व परदेशांशी होणाऱ्या व्यापाराचे नियमन करणे, सैन्य उभारणे, युद्ध पुकारणे. राज्यांनी काय करू नये, हेही लिहिले. त्यांनी परकीय सत्तेशी तह करू नये, स्वतःचे नाणे पाडू नये. उरलेले सारे अधिकार राज्यांचे वा जनतेचे, असे १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीने स्पष्ट केले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मध्यवर्ती सरकार आपला कर राज्यांच्या हातून न घेता थेट नागरिकांकडून घेऊ लागले.

याची परीक्षा लवकरच झाली. मध्यवर्ती सरकारने मद्यावर बसविलेल्या करास पेनसिल्व्हानियाच्या पश्चिम भागातील शेतकऱ्यांनी १७९४ साली सशस्त्र विरोध केला. अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी राज्यांच्या नागरी सेनेतून फौज जमवून तो मोडून काढला. या घटनेनंतर अवघ्या काही महिन्यांनी खर्ड्यास मराठ्यांची फौज थकलेल्या वसुलीसाठी उभी होती. दोन्हीकडे प्रश्न पैशाचाच होता. पण तेथे मध्यवर्ती सत्तेने स्वतःच्या कायद्याने बसविलेला स्वतःचा कर वसूल केला. येथे प्रत्येक सरदार आपल्या वाट्याचा विचार मनात ठेवूनच मोहिमेवर आला होता.

खर्ड्याच्या तहाने मराठ्यांना सुमारे तीन कोटी रुपयांचे वचन, दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख आणि निजामाचा दिवाण मुशीर-उल्मुल्क यांचा ताबा मिळाला. हे सारे किती टिकले? ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावाचा मृत्यू झाला आणि गादीवर कोणास बसवावे याचे राजकारण सुरू झाले. त्या राजकारणात निजामाचे साहाय्य हवे, म्हणून १७९६ साली नाना फडणविसांनी महाड येथून केलेल्या करारात खर्ड्यास मिळविलेला मुलूख परत करण्याचे मान्य केले. ज्या विजयासाठी सारे मराठा मंडळ एकवटले होते, त्याचे फळ दीड वर्षात एका पक्षाच्या गरजेसाठी सोडून देण्यात आले. तह कोणी करावा, तो मोडण्याचा अधिकार कोणाचा, हे लिहिलेले नसले म्हणजे असे घडते. अमेरिकेत तह अध्यक्षाने करावयाचा, पण सिनेटच्या दोन-तृतीयांश सभासदांनी त्यास संमती दिल्यावाचून तो पक्का होत नाही.

तलवार आणि तिजोरी

फिलाडेल्फियाच्या उपायाचा दुसरा भाग मध्यवर्ती सरकारच्या पोटातील वाटणीचा आहे. कायदे करणारी काँग्रेस, ते अमलात आणणारा अध्यक्ष आणि त्यांचा अर्थ लावणारी न्यायालये अशा तीन शाखा घटनेने वेगळ्या केल्या. त्या वेगळ्या केल्या, पण एकमेकींपासून तोडल्या नाहीत. अध्यक्ष काँग्रेसचे विधेयक नाकारू शकतो. काँग्रेस दोन-तृतीयांश बहुमताने तो नकार झुगारू शकते. अध्यक्ष न्यायाधीश नेमतो. सिनेट त्यास मान्यता देते किंवा देत नाही. मॅडिसनने १७८८ साली मांडलेला विचार असा की, सत्ताधारी देवमाणसे असतील ही आशा धरण्यापेक्षा एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेचे कुंपण घालावे.

या रचनेचे मर्म हॅमिल्टनने त्याच वर्षी दाखवून दिले: तलवार अध्यक्षाच्या हाती आणि तिजोरी काँग्रेसच्या हाती. अध्यक्ष सैन्याचा सरसेनापती खरा. पण कायद्याने मंजुरी दिल्यावाचून तिजोरीतून एक डॉलर बाहेर पडत नाही आणि सैन्याच्या खर्चास एका वेळी दोन वर्षांपलीकडची मंजुरी देण्यास घटनेनेच मनाई केली आहे.

तलवार आणि तिजोरी वेगळ्या हातांत ठेवण्याचा प्रयोग मराठेशाहीला अपरिचित नव्हता. तो याच जामखेड तालुक्यातील चौंडी गावात जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांच्या राज्यात झाला. १७६७ पासून होळकरांच्या दौलतीचा मुलकी कारभार अहिल्याबाईंकडे आणि फौजेचे नेतृत्व तुकोजी होळकरांकडे होते. तुकोजींनी मोहिमेवरून पैशाची मागणी करावी आणि अहिल्याबाईंनी महेश्वराहून आधीच्या रकमेचा हिशेब मागावा, हा प्रकार वारंवार घडे. चरित्रकार पुष्कळदा यास घरातील कुरबूर म्हणतात. वस्तुतः हीच कुरबूर म्हणजे सत्तेची खरी वाटणी होय. तिजोरीने हिशेब मागितला नाही, तर तलवारीला मर्यादा राहत नाही.

परंतु ही वाटणी अहिल्याबाईंच्या व्यक्तिमत्त्वावर उभी होती. तिला नियमाचा पाया नव्हता. खर्ड्याच्याच वर्षी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी, अहिल्याबाई निवर्तल्या. दोन वर्षांनी तुकोजीही गेले आणि त्यांच्या मुलांत दौलतीवरून भांडण पेटले. चांगल्या व्यक्तीबरोबर जी व्यवस्था निघून जाते, तिला व्यवस्था म्हणता येत नाही.

पंच कोण?

होळकरांच्या मुलांचा तंटा सोडविण्यास पुण्यात कोणी पंच नव्हता. कायद्याने पेशवा हा धनी. पण तो स्वतःच दौलतराव शिंद्यांच्या दडपणाखाली होता आणि शिंदे त्या तंट्यात एका बाजूस होते. १७९७ मध्ये मल्हारराव होळकर पुण्यात मारले गेले, १८०१ मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले आणि ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्यापाशी शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. पेशवा वसईकडे पळाला. ज्या तंट्याचा निकाल न्यायसभेत लागावयास हवा होता, तो हडपसरच्या माळावर लागला, आणि निकालाचा लाभ इंग्रजांना झाला.

मराठ्यांना न्यायाची परंपरा नव्हती, असे मुळीच नाही. १६७४ च्या अष्टप्रधानांत न्यायाधीश व पंडितराव यांना लष्करी कामातून मोकळे ठेवले होते. न्याय आणि तलवार यांत अंतर असावे, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते. नारायणरावाचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी खून झाला, तेव्हा रामशास्त्री प्रभुणे यांनी सत्तेवर असलेल्या रघुनाथरावास दोषी ठरविले आणि पुण्याचा त्याग केला. न्यायनिष्ठेचे याहून उज्ज्वल उदाहरण जगाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. न्याय सांगितल्यावर पद सोडून जावे लागले ते न्यायाधीशाला. दोषी पुरुष गादीवरच राहिला. त्याला पुढे दूर केले ते न्यायालयाने नव्हे, बारभाईंच्या कारस्थानाने.

अमेरिकेच्या घटनेने रामशास्त्र्यांसारख्या पुरुषाची वाट पाहिली नाही. तेथील मध्यवर्ती न्यायाधीशाचे पद सद्‌वर्तन असेपर्यंत अबाधित असते आणि तो पदावर असताना त्याचे वेतन कमी करता येत नाही. या दोन साध्या कलमांनी सामान्य धैर्याच्या माणसालाही ठाम निकाल देणे शक्य झाले. फेब्रुवारी १८०३ मध्ये मुख्य न्यायाधीश मार्शल यांनी मारबरी खटल्यात, घटनेशी विसंगत कायदा न्यायालय मानणार नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये इंग्रजांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि सप्टेंबरमध्ये असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांचा पराभव केला. एका देशात पंचाचे आसन पक्के होत असताना दुसऱ्या देशात पंच म्हणून परका येऊन बसला.

या पंचाचा धाक पुढे अध्यक्षांनाही सोसावा लागला. कोरियातील युद्ध चालू असताना ट्रुमन यांनी १९५२ साली पोलाद कारखाने सरकारी ताब्यात घेतले. काँग्रेसने असा अधिकार दिलेला नाही, असे न्यायालयाने सांगताच त्यांना ते परत करावे लागले. १९७४ साली निक्सन यांना ध्वनिफिती हजर करण्याचा आदेश मिळाला, तोही एकमताने. पंधरवड्यानंतर त्यांनी पद सोडले. दोन्ही वेळा न्यायालयाच्या हाती तलवार नव्हती की तिजोरी नव्हती. होती ती लिहिलेली मर्यादा आणि ती मानण्याची सवय.

वाटणीची किंमत

अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची किंमत झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. काँग्रेस आणि अध्यक्ष यांचे जमले नाही, तर खर्चाची मंजुरी अडते आणि सरकारी कचेऱ्या बंद पडतात. २०१८-१९ च्या हिवाळ्यात हे पस्तीस दिवस चालले. २०२५ साली त्रेचाळीस दिवस. लाखो कर्मचाऱ्यांचे पगार तेवढा काळ थांबले. भारतात ज्या पक्षाचे लोकसभेत बहुमत त्याचेच मंत्रिमंडळ, त्यामुळे अशी अडवणूक होत नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे हाच भेद स्पष्ट केला होता. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत दैनंदिन उत्तरदायित्व अधिक. भारताने उत्तरदायित्वास प्राधान्य दिले.

दुसरी किंमत याहून भयंकर होती. राज्यांच्या अधिकारांच्या आडोशाने दक्षिणेतील मळेवाल्यांनी गुलामगिरी पाऊणशे वर्षे टिकविली. अखेर १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध होऊन सहा लाखांहून अधिक सैनिक मेले, तेव्हा तो प्रश्न सुटला. सत्तेची वाटणी म्हणजे आपोआप न्याय नव्हे, हा धडा येथे मिळतो. मुंबईच्या हातून काढून सत्ता गावाच्या हाती दिली आणि गावात ती दोन-चार घराण्यांच्या हाती गेली, तर दलिताला, भूमिहीनाला, स्त्रीला त्याचा काय उपयोग? आंबेडकरांनी खेड्याऐवजी व्यक्तीला राज्यघटनेचा घटक मानले, त्यामागे ही भीती होती आणि ती निराधार नव्हती. म्हणूनच १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेत स्थान देताना अनुसूचित जाती, जमाती व स्त्रियांसाठी राखीव जागाही दिल्या. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांचे प्रमाण निम्म्यावर नेले.

तरीही आंबेडकरांना केवळ केंद्रीकरणाचे पुरस्कर्ते समजणे चूक ठरेल. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा प्रबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी दाखवून दिले की, मेयोच्या काळापासून प्रांतांना खर्चाची मोकळीक मिळत गेली, पण उत्पन्न मात्र कायद्याने त्यांचे नव्हते; मध्यवर्ती सरकार दर काही वर्षांनी ठरावाने ते नेमून देई आणि बदलून घेई. ज्याचे उत्पन्न दुसऱ्याच्या ठरावावर अवलंबून आहे, त्याची स्वायत्तता नावापुरती असते. शंभर वर्षांपूर्वीचे हे निदान आज खर्ड्याच्या ग्रामपंचायतीस तंतोतंत लागू पडते.

खर्ड्याच्या पंचायतीच्या हाती काय?

महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा केला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा देशात या राज्याचे उदाहरण दिले जात असे. शाळा, दवाखाने, रस्ते, पाटबंधाऱ्यांची लहान कामे जिल्ह्याच्या हाती आली. पुढे त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने घटनेला अकरावे परिशिष्ट जोडून पंचायतींसाठी शेतीपासून पिण्याच्या पाण्यापर्यंत एकोणतीस विषय नोंदविले. कागदावर पाहिले तर खर्ड्यास अमेरिकेतील एखाद्या काउंटीचा हेवा वाटू नये.

पण शब्द बारकाईने वाचले पाहिजेत. राज्य विधिमंडळ पंचायतींना हे अधिकार ‘देऊ शकेल’, असे २४३-छ हे कलम म्हणते. ‘देईल’ असे म्हणत नाही. कराच्या अधिकाराबाबतही तोच शब्द आहे. म्हणजे ही वाटणी अमेरिकेतील राज्यांच्या अधिकारांसारखी नाही. ती मेयोच्या ठरावाच्या अधिक जवळची आहे. पंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि किरकोळ कर. उरलेला पैसा वरून येतो आणि कोणत्या कामाला वापरावा, याची चिठ्ठी बरोबर घेऊन येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील अनुदानात साठ टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांस बांधलेली होती आणि चाळीस टक्के मोकळी. पाणी व स्वच्छता महत्त्वाची नाहीत असे कोण म्हणेल? पण जामखेडसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यातील गावाची निकड आणि कोकणातील गावाची निकड एकाच प्रमाणात बसविणे, हा गावाचा निर्णय नव्हे.

शिक्षकांना हे सांगावयास नको. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक हा परिषदेचा सेवक. पण गेली काही वर्षे त्याची निवड आणि जिल्ह्यांतर्गत बदली राज्यपातळीवरील संगणकीय प्रणालीतून ठरते. त्यामुळे वशिलेबाजीस आळा बसला, हे मान्य केले पाहिजे. परंतु मालकाला नोकर नेमण्याचा व हलविण्याचा अधिकार उरला नाही, तर तो कसला मालक, हाही प्रश्न उरतोच. वशिलेबाजीवरील उपाय अधिकार काढून घेणे हा नव्हे. अधिकार वापरणाऱ्यावर नियमाचे आणि पंचाचे बंधन घालणे हा होय.

पंचाची गोष्टही फारशी समाधानकारक नाही. पंचायतीची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे घटना सांगते. अहमदनगर जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता; त्याच मार्च महिन्यात विधिमंडळाने कायदा बदलून प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेतले. खेळाडूनेच मैदान आखावयाचे, असा हा प्रकार झाला. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ जिल्ह्याचा कारभार प्रशासकाने पाहिला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील स्थानिक संस्थांच्या निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढण्याचा आदेश दिला, तेव्हा कोठे चाके फिरू लागली. अमेरिकेत यादवी युद्ध ऐन भरात असताना १८६४ साली अध्यक्षपदाची निवडणूक ठरल्या दिवशी झाली होती, याची येथे आठवण होते.

याच जिल्ह्यात हिवरे बाजारसारखी गावे आहेत, जेथे ग्रामसभेने पाण्याचा ताळेबंद मांडला, शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर बंदी घातली आणि ती पाळून दाखविली. त्या गावांचे कौतुक रास्त आहे. पण त्यांच्यासारखी गावे विरळा का, याचे उत्तर अहिल्याबाई आणि रामशास्त्री यांच्या कथेतच आहे. तेथे असामान्य नेतृत्व होते. असामान्य नेतृत्व नसलेल्या हजारो गावांनाही सरळ कारभार करता यावा, यासाठीच तर कायदा असतो.

करावयाचे काय, हे अवघड नाही. पंचायतींना अधिकार देण्याच्या कलमातील ‘देऊ शकेल’ हा शब्द बदलून तो बंधनकारक करावा. राज्याच्या करउत्पन्नातील निश्चित वाटा कायद्याने पंचायतींचा ठरवावा, म्हणजे तो दरवर्षी मागावा लागणार नाही. दर पाच वर्षांनी नेमावयाच्या राज्य वित्त आयोगाच्या शिफारशी वेळेवर विधिमंडळापुढे याव्यात. प्रभागरचना आणि निवडणुकीची तारीख हे दोन्ही अधिकार निवडणूक आयोगाकडे असावेत. मर्यादा, तिजोरी आणि पंच या त्या तीन गोष्टी होत. यांपैकी एकही गोष्ट परदेशातून आणावी लागणार नाही. आपल्या घटनेत त्यांची बीजे आहेत. अभाव आहे तो सत्ता सोडण्याच्या तयारीचा, आणि ती तयारी सत्ताधाऱ्यांनी आपण होऊन दाखविल्याचे उदाहरण कोणत्याच देशाच्या इतिहासात फारसे आढळत नाही. ती मागावी लागते. ग्रामसभेच्या दिवशी घरी बसणाऱ्या सुशिक्षितांना ती मागता येणार नाही.

खर्ड्याचा किल्ला निंबाळकरांनी बांधला, निजाम त्यात अडकला, मराठ्यांनी त्याला वेढले आणि शेवटी तो इंग्रजांच्या राज्यात गेला. त्याच्या भिंती अजून उभ्या आहेत. दगडाच्या भिंतींनी राज्य राखले जात नाही, हे त्यांनी पुरेसे दाखविले आहे. १७९५ साली सारे सरदार तेथे एकत्र होते. नव्हता तो फक्त त्या सर्वांना बांधणारा एक कागद. आज कागद आहे. तो वाचून त्याप्रमाणे हिशेब मागणे, एवढेच काम या पिढीकडे उरले आहे.